मद्याचा लाभ आणि कुरआनचा तराजू



आपल्या घरांतील शिकलेली मुले हल्ली एक प्रश्न विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रोज पेलाभर लाल वाइन हृदयाला हितकर असेल, तर अल्लाहने ती निषिद्ध का ठरविली? जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हेही आपण ऐकले.

या दुसऱ्या विधानाचे उत्तर आदरणीय उमर (रजि.) यांनी मिंबरवरून देऊन ठेवले आहे. मद्य कशाकशापासून बनते हे सांगताना त्यांनी पहिले नाव द्राक्षांचे घेतले आणि जे बुद्धीवर आवरण घालते ते मद्य, अशी व्याख्या केली.

पहिल्या प्रश्नाला मात्र आपण घाईने ‘दारूत काहीच लाभ नाही’ असे उत्तर देतो. कुरआन तसे म्हणत नाही. सूरह बकराच्या 219 व्या आयतीत मद्य व जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य करून, त्यांतील पाप लाभाहून मोठे असल्याचा निवाडा दिला आहे. पुढे सूरह माइदाच्या 90 व्या आयतीने दोन्ही पूर्णतः वर्ज्य केले. म्हणजे लाभ जमेस धरूनच हा निर्णय झालेला आहे.

आता त्या लाभाचे वजन पाहू. लोणी-चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंच लोकांत हृदयविकाराचे मृत्यू कमी का, या कोड्याचे श्रेय सर्ज रेनो यांनी 1992 मध्ये वाइनला दिले आणि ते जगभर गाजले. पुढे संशोधकांच्या ध्यानात आले, की अशा अनेक पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यांच्या तुलनेत पिणारे धडधाकट दिसणारच! द्राक्षाच्या सालीतील ज्या रेस्व्हेराट्रॉलचा एवढा गवगवा होतो, ते पेल्यात अत्यल्प असते, आणि साल तर साध्या द्राक्षालाही असतेच. उलट अल्कोहोलपासून शरीरात बनणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींतील डीएनएला इजा करते. अन्ननलिका, यकृत, आतडे व स्तन यांच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध सिद्ध आहे. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नसल्याचे सांगितले.

तथापि मुलांना समजावताना या अहवालावर श्रद्धेची इमारत उभारू नका. उद्या एखादे संशोधन पुन्हा लाभ दाखवील. त्याने आयतीतील निवाडा हलत नाही. औषधासाठी मद्य करतो, असे तारिक बिन सुवैद (रजि.) म्हणाले, तेव्हा ते औषध नसून व्याधी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले.

आणि ज्यांच्या घरी ही व्याधी शिरलेली आहे, त्यांच्यासाठी दुसरी हदीस. मद्यपानाबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला कुणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) रोखले : आपल्या बंधूविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका. दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास कंप सुटतो, झटके येतात, प्रसंगी जिवावर बेतते. त्याला कोंडून शपथा घालण्याऐवजी प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. मशिदीत चार दिवसांनी आणले तरी चालेल.