डायव्हर्जन

अण्णांच्या दहाव्याच्या आदल्या रात्री मी पांघरुणात मोबाईल धरून रील बघत होतो आणि एका रीलवर चक्क हसलो. शेजारी आई जागी होती. ती काही बोलली नाही, पण ते हसू मला टोचत राहिलं.

परवा परभणीहून गावाकडे येताना, रस्त्याचं काम चालू होतं तिथं पाटी दिसली: 'डायव्हर्जन'. एसटी कच्च्या वाटेला उतरली आणि मी शब्दाचा अर्थ शोधत बसलो. मूळ लॅटिन क्रियापद 'दिवेर्तेरे', म्हणजे बाजूला वळणं. रस्ता वळवणं, शत्रूला हुलकावणी देणं, पैसा भलतीकडे फिरवणं आणि मन रमवणं, इंग्रजीत सगळ्याला हाच शब्द चालतो. 'डिव्होर्स'सुद्धा त्याच घराण्यातला!

सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत पास्कल मन रमवण्याबद्दल फार कठोर होता. माणसाला खोलीत एकट्यानं शांत बसवत नाही, कारण तसं बसलं की मरण आठवतं. म्हणून तो शिकार, जुगार, गडबड शोधतो, असं त्याचं म्हणणं. वाटलं, हा माझ्याबद्दलच बोलतोय.

पण आपण मराठीत मुलांना 'वळण' लावतो, अक्षरालाही वळण असतं. वळलं की भरकटलंच, असं आपली भाषा मानत नाही. पैठणला नाथसागरात अडवलेलं गोदावरीचं पाणी २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्यातून परभणी जिल्ह्यात येतं. नदी म्हणेल, वाट सोडली. आमचं रान म्हणेल, पाणी घरी आलं.

मन आईनंही वळवलं होतंच की. तेराव्यानंतर कालव्याला पाणी सुटलं, तशी ती हरभऱ्यात दारं धरायला गेली. अण्णांचं काम ती करत होती आणि करता करता रडत होती. तिची वाट फिरून अण्णांपाशीच येत होती. माझी मात्र एका रीलवरून दुसऱ्या रीलवर जायची, परत यायचीच नाही. म्हणजे प्रश्न वळण्याचा नाहीच. वळलेली वाट पुढे कुठं निघते, हा आहे.

एसटी पुन्हा डांबरीला लागली. घरी गेल्यावर आईला त्या रात्रीचं सांगून टाकलं.

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "मलाबी दाखवायचं होतंस की."