मारुतीरायाच्या उंबऱ्याबाहेरून

मारुतीराया, तुझ्याच कुळातली एक गोष्ट तुझ्यापुढे मांडायची आहे. विठोबाकडे गेले असते, गणपतीकडे गेले असते, पण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तुला यातलं घरचं माहीत आहे. माझा पेशाच असा, की दिवसभर वानरांच्या मागे हिंडायचं, कोण कोणाच्या उवा काढतं, कोण कोणाला दात दाखवतं ते टिपायचं, आणि त्यांचं मन कसं घडलं, आपलं कसं घडलं, याचा माग काढायचा. यात नोकरी नेमकी कसली, असं घरचे अजून विचारतात. बायकांनी तुझ्या गाभाऱ्यात पाऊल टाकू नये, असंही त्यांच्यातले काही सांगतात. तो वाद आज नको. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलते, तुला ऐकू येतं.

गोष्ट धारवाडची आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा नावाचे जपानी अभ्यासक तिथल्या वानरटोळ्या पाहत होते. टोळीत बहुधा एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. ज्यांना टोळी नाही असे नर बाहेर जथ्यानं फिरतात. असा एक जथा चालून आला. त्यानं टोळीतल्या नराला हुसकावलं, मग जथ्यातल्याच एकानं आपल्या सोबत्यांना पळवून लावलं आणि टोळी एकट्याच्या ताब्यात घेतली. त्यानंतर आयांच्या अंगावरची पिल्लं एकामागून एक चावे लागून गेली. थोड्याच दिवसांत त्या आया माजावर आल्या आणि त्याच नराजवळ गेल्या.

ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. त्याआधी काही वर्षं फिलिस जे या अमेरिकन अभ्यासिकेनं उत्तर आणि मध्य भारतातले वानर पाहिले होते, आणि तिला ते शांत, मिळूनमिसळून राहणारे दिसले होते. मग हे काय आक्रीत? गर्दी झाली, माणसांनी खायला घालून सवयी बिघडवल्या, डोकी फिरली, असं पुष्कळांनी म्हटलं. १९७१ मध्ये सारा हर्डी या आणखी एक अभ्यासिका अबूच्या डोंगरावर आल्या त्या याच समजुतीनं. त्यांना दिसलं ते वेगळंच. पिल्लांवर संकट यायचं ते गर्दीपायी नव्हे, बाहेरचा नर आत शिरला की. त्या नराच्या हाती वेळही थोडा. सरासरी दोन-सव्वादोन वर्षांत त्याला हुसकावणारा दुसरा येणार. पिल्लू अंगावर पितंय तोवर आई पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू गेलं की राहते. असं करणाऱ्या नरांची संतती जास्त उरली आणि ती खोड पिढ्यान्‌पिढ्या पुढे आली, असं हर्डींचं म्हणणं. १९७७ मध्ये त्यांचं अबूच्या वानरांवरचं पुस्तक आलं आणि जे भांडण जुंपलं ते वीसेक वर्षं मिटलं नाही. शेवटी नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची विष्ठा गोळा करून तिच्यातल्या डीएनएवरून बाप शोधले गेले. निकाल छापून आला १९९९ मध्ये. मारणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप नव्हता. त्याच मादीच्या पुढच्या पिल्लाचा मात्र बहुधा तोच.

वर्गात फळ्यावर हे किती चोख बसतं! झाडाखाली बसत नाही. मेलेलं पिल्लू आई सोडत नाही. एका हातानं ते छातीशी धरलेलं, म्हणून तीन पायांवर लंगडत टोळीमागून चालते, बसली की त्याच्यावरच्या माश्या हाकलते, केस विंचरल्यासारखी बोटं फिरवते. पुढे कधीतरी ते कुठल्याशा फांदीखाली राहून जातं.

तू लेकरू होतास तेव्हा इंद्रानं तुझ्यावरही वज्र टाकलं होतं. पण तुझा बाप रुसून बसला, त्यानं वारा कोंडला, तिन्ही लोक घुसमटले आणि देव हात जोडून वर द्यायला आले. धारवाडच्या पिल्लांचा बाप आधीच हाकलला गेलेला. त्यांच्यासाठी वारा कोण कोंडणार? जिवंत अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या पाहून डार्विननं १८६० मध्ये एका पत्रात असाच प्रश्न केला होता, की दयाळू देव असं मुद्दाम कशाला करील. त्याला उत्तर मिळालं नाही. मी तो प्रश्न पुन्हा घालत नाही. तुझ्या दारात रोज कोणी ना कोणी मेलेल्या मुलासाठी तो घालतच असतं. माझं मागणं त्यामानानं लहान आहे. जे दिसतं ते पुरतं पाहू दे. कळवळा आटू देऊ नकोस, आणि कळवळ्यापायी नोंदीत एक अक्षर बदलू देऊ नकोस.

दुसरं मागणं माझ्या तोंडासाठी आहे. वानरांबद्दल मी काही बोलले, की ऐकणाऱ्याला हटकून माणूस आठवतो. मग एखादा काका पान जमवत म्हणतो, बघा, पुरुषाची जातच अशी, निसर्गच तो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते येण्याआधी त्याची चाहूल लागते. रानात टिकलेली प्रत्येक गोष्ट आपल्या घरात चालायला हवी, हे कोणी ठरवलं? दात किडणंही निसर्गच. तरी आकडे नाकारायचे म्हणून नाकारू नयेत, हेही खरं. कॅनडात मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं, की सावत्र पालकाच्या घरातल्या तान्ह्या मुलांना जिवाचा धोका सख्ख्यांच्या घरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यावर वाद झाले, अजून होतात. पण ज्या घरात सावत्र बाप पोराला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडतो, त्या घरावर हे आकडे दगडासारखे पडतात, आणि अशीच घरं फार जास्त. ती दुर्घटनेच्या आकड्यात येत नाहीत, म्हणून नजरेतही येत नाहीत. माझ्या एखाद्या वाक्यानं अशा माणसाकडे शेजाऱ्यांनी संशयानं पाहावं, असं घडू देऊ नकोस.

आणि किष्किंधेत काय झालं, ते तर तू डोळ्यांनी पाहिलंस. तू सुग्रीवाचा मंत्री. वाली पडला, राज्य सुग्रीवाकडे गेलं, ताराही त्याच्या घरात आली. धारवाडच्या हिशेबानं पुढचा बळी अंगदाचा. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. रामाच्या सांगण्यावरून त्याला युवराज केलं गेलं. सुग्रीवाला ते जड गेलं असेल का? अंगदाला मात्र पुढे बराच काळ काकाची धास्ती वाटत होती, हे तुला आठवत असेलच, त्याची समजूत घालायला तूच होतास. मला ही गोष्ट फार आवडते ती त्या धास्तीसाठी. कथा रचणाऱ्यानं धोका झाकून ठेवला नाही.

तिसरं मागणं मनाबद्दलचं, आणि खरं तर रोजची अडचण हीच. पिल्लू मारणाऱ्या नराला बापपणाचा हिशेब कळतो का? मला नाही वाटत. त्याला फक्त अनोळखी मादीच्या कुशीतलं पिल्लू खुपत असणार. हिशेब पिढ्यांनी केला, त्यानं नव्हे. म्हणून जनावराला मनच नाही म्हणावं, तर वेडा राघू आडवा येतो. पुण्याचे मिलिंद वाटवे आणि त्यांचे विद्यार्थी या पक्ष्याच्या मागे लागले होते. २००२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. राघूचं घरटं म्हणजे मातीत कोरलेलं बीळ. चोचीत चतुर धरून तो समोर येऊन बसतो, शेपटीची बारीक काडी वरखाली करतो, मान वळवून आपल्याकडे बघतो, आणि बिळात शिरायचं काही नाव घेत नाही. आत पिल्लं ओरडत असली तरी बिळाचं तोंड आपल्याला दाखवायचं नाही. तोच माणूस तेवढ्याच अंतरावर, पण जिथून बीळ दिसत नाही अशा जागी उभा राहिला, तर राघू बराच लवकर आत जातो. म्हणजे माणूस आहे की नाही एवढंच तो बघत नाही, माणसाला काय दिसतंय तेही धरून चालतो. मूठभर जीव, दोन तोळ्यांच्या आतबाहेरचा. तेव्हा मारुतीराया, मला दोन्हीकडून सांभाळ. जिथे मन आहे तिथे नुसतं यंत्र बघू देऊ नकोस, आणि जिथे मला फक्त माझंच मन दिसतंय तिथे ते दुसऱ्याच्या कपाळी चिकटवू देऊ नकोस.

आता ज्या वानरीसाठी मी तुझे आभार मानायला हवेत, ती. हर्डींनी तिला सोल असं नाव दिलं होतं. अबूच्या एका टोळीतली म्हातारी, पिल्लं होण्याचं वय सरलेलं, टोळीच्या कडेकडेनं राहणारी, खाण्याच्या जागी कोणीही तिला बाजूला सारावं अशी. टोळीत नवा नर आला आणि एका मादीच्या पिल्लाच्या मागे लागला. तेव्हा ही म्हातारी आणि पंजा गमावलेली दुसरी एक मादी त्याच्यावर धावून गेल्या. तो वजनानं कितीतरी भारी, सुळे धारदार, तरी मधे पडल्या. पिल्लू सोलचं नव्हतं, मग ती का धावली? त्याचं उत्तर आमच्या शास्त्राजवळ आहे: टोळीतल्या माद्या एकमेकींच्या नात्यातल्या असतात, म्हातारीला स्वतःची पिल्लं व्हायची नाहीत, नातीगोती वाचवण्यातच तिच्या रक्ताचा पुढे जाण्याचा मार्ग. उत्तर मला पटतं. पटूनही तिचं धावणं तसूभर कमी होत नाही, याचं मला बरं वाटतं. डार्विननं १८७१ च्या ग्रंथात असंच एक लहान माकड गौरवलं होतं, ज्यानं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या रखवालदारासाठी भल्यामोठ्या बबूनवर झेप घेतली. त्याच दमात त्यानं ‘रानटी’ म्हणून माणसांना मात्र हिणवलं. एवढ्या मोठ्या नजरेचंही असं होतं, तर माझ्या नजरेची काळजी तुला घ्यावी लागेल.

याच वानरांत नवं पिल्लू जन्मलं, की बायकांची झुंबड उडते. राखाडी टोळीत ते काळपट केसांचं, गुलाबी तोंडाचं उठून दिसतं. पहिल्याच दिवशी ते या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं. अजून आई न झालेल्या पोरी त्याला उलटं धरतात, पायाला धरून ओढतात, ते किंचाळलं की आई येऊन हिसकावून नेते आणि घटकाभरानं पुन्हा देते. हर्डींनी २००९ च्या पुस्तकात माणसाबद्दल म्हटलं ते इथूनच सुरू झालं: आपलं पोर एकट्या आईच्यानं वाढण्यातलं नाही, ते आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण अशा अनेक हातांवर वाढलं, आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायची आपली हुशारी त्या मांड्यांवरच तयार झाली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या बाईला हे सांगायला परदेशातून कोणी यायला नको होतं, पण पुराव्यानिशी सांगितलं हे चांगलंच झालं. ज्या कुळात मारणारा नर आहे त्याच कुळात या मांड्या आहेत, रे बाबा. कुठलं एक झाकून दुसरं दाखवायचा मोह मला होऊ देऊ नकोस. भाषणात टाळ्या मांड्यांना पडतात आणि बातमी नराची होते.

आता शेवटचं, जे बोलायचं टाळत होते. माझ्या टोळीत या आठवड्यात नवा नर आलाय. जुना ओढ्यापलीकडे चिंचेवर बसतो, खांद्यावर जखम आहे, परत यायची लक्षणं नाहीत. टोळीत तीन लेकुरवाळ्या आहेत. त्यातली सगळ्यात लहान आई नव्या नराची चाहूल लागली की फांदीच्या टोकाला जाते, जिथे त्याचं वजन पेलणार नाही. उद्या पहाटे मी तिथे असणार. आमच्या कामाचा पहिला नियम, मधे पडायचं नाही. पडले तर पाहिलेलं सगळं वाया, आणि आज वाचलेलं पिल्लू परवा माझ्या पाठीमागे जाणारच. नियम मला मान्य आहे. ओढ्याकाठी दगडही पुष्कळ आहेत.

हात आवरायचं बळ दे, असं मागायला आले होते. पण तू स्वतः लंका पेटवून आलेला, तुझ्याकडे ते मागणं कसं शोभेल? तेव्हा एवढंच दे, की शेवटपर्यंत डोळे उघडे राहतील. आणि हात दगडाकडे गेलाच, तर वहीत त्या दिवसाच्या पानावर वेळ, जागा आणि दगड, तिन्ही माझ्याकडून लिहून घे.