नंबर तोच, रेडिओ कोणता?

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन जुने ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून पाहिले, तर आतून ते सारखे असतीलच असे नाही. पेणकरपाड्यात माझ्या टेबलावर सध्या असे दोन संच आहेत. नंबरांत फरक थोडाच. पण एकात ओसी ४४, ओसी ४५ हे परदेशी जर्मेनियम ट्रान्झिस्टर, तर दुसऱ्यात त्याच कामाचे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. तिथे जर्मेनियम ट्रान्झिस्टर १९६२ पासून बनू लागले. मग दुसरा संच त्यानंतरचा मानायचा का? ते ठरवण्याआधी मी भिंगातून डाख पाहतो. डाख कारखान्यातला असेल तर संच नक्कीच त्यानंतरचा. पुढे कुणा मेकॅनिकने लावलेला असेल, तर त्या ट्रान्झिस्टरवरून संचाचे वय काढता येत नाही.

संच नंबराच्या चढत्या क्रमाने मांडावेत, कंडेन्सरवरचे महिना-वर्षाचे शिक्के वाचावेत, स्पीकर कुणाचा ते पाहावे; कारखान्याने कधी काय बदलले ते हळूहळू उमगते. तरी रांग सरळ लागत नाही. स्टोअरमध्ये जुना माल उरला की तो आधी संपवतात, म्हणून मोठ्या नंबरातही जुना भाग निघतो.

या कामात एक प्रश्न मला सोडत नाही. स्पीकर, कंडेन्सर, गँग, ट्रान्झिस्टर असे सगळे एकेक करून बदलले गेले आणि नंबराची पट्टी तेवढी मूळची राहिली, तर तो रेडिओ तोच म्हणायचा का?

न्याय-वैशेषिकांचे उत्तर कडक आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी असते, पण त्यांच्याच आधारावर राहते. एक अवयव निघाला की जुना अवयवी नाश पावतो आणि नवा उत्पन्न होतो. म्हणजे मी एक कंडेन्सर बदलला की माझ्या हातून एक रेडिओ संपला आणि दुसरा जन्मला. तर्क चोख आहे, पण तो घेऊन मला पुढे जाता येत नाही. दुरुस्तीला आणलेला रेडिओ मी कुणाला परत देतो, हेच त्यात सांगता येत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला त्याच्याच रथावरून विचारतात: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले नाव, इथवर संवाद येतो. पुढे नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात. पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते. तरी दुसरा दिवाही लावलेला नसतो, कारण आधीच्या ज्योतीतूनच पुढची येते.

हे उत्तर मला पटते, आणि माझ्या धंद्यात त्याची परीक्षाही होते. एका संचाचा प्रत्येक भाग आधीचा बिघडला म्हणून बदलला गेला. दुसऱ्या संचावर, भाव यावा म्हणून, भंगारातल्या खोक्यावरची लहान नंबराची पट्टी काढून लावली. पहिल्यात मूळचे काहीही उरलेले नाही, तरी कारणांची साखळी कुठे तुटलेली नाही. तो रेडिओ तोच आहे. दुसऱ्याचा नंबर अस्सल आहे, पण त्या नंबराचा आणि आतल्या संचाचा संबंध खोटा आहे. वस्तूची ओळख तिच्यावरच्या खुणेत नसते. एक अवस्था दुसरीला जन्म देत आली, त्या क्रमात असते. माणसाचेही तसेच आहे, असे मी मानतो. देह आणि मते बदलली तरी काल केलेल्याची जबाबदारी आजच्या माणसावर येते, कारण आजचा माणूस त्या कालच्यातूनच आलेला असतो.

म्हणून जुने संच हाताळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. भाग जरूर बदला, पण काय बदलले आणि कधी, ते चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. काढलेला भाग पिशवीत घालून संचासोबतच द्या. आणि एकाची पट्टी दुसऱ्याला कधीही लावू नका.