पहिलेपासून असंच हाय

एलएलबीच्या प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला : वकील बाबासाहेब. वाशीमहून महाड लांब. पण चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'च्या ३९व्या खंडात छापलेला आहे. लायब्ररीत त्याच्या पानांचे फोटो काढले आणि रिसोडच्या एसटीत मोबाईलवर वाचत बसलो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची माणसं तळ्याचं पाणी प्यायली. डिसेंबरात महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. पहिले प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर आंबेडकर. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. त्यानंतरच्या सत्याग्रहाला हजारो लोक जमले, तरी तळ्यावर जायचं नाही असं ठरलं. खटला चालत राहिला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने वादींचं अपील फेटाळलं. बाबासाहेब जिंकले.

'माणसाला पाण्यापासून अडवणं अन्याय आहे', असं वाक्य मी निकालात शोधत होतो. सापडलं नाही. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणतात, ही प्रथा अनादिकाळापासून असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. आणि सिद्ध झालं असतं तर? तर ती अवाजवी आहे का, याचा कदाचित विचार करावा लागला असता, एवढंच निकाल सांगतो.

म्हणजे कोर्टाने प्रथेचं वय विचारलं.

घरी आलो. आमच्या गावात भंडाऱ्याच्या पंगतीत एक ओळ शेवटी, वेगळी बसते. ती आमची नाही. आजीला विचारलं, "ते लोक वेगळे का बसतात?"

"पहिलेपासून असंच हाय बाप्पा."

दहा वर्षं कोर्टात वादींचं म्हणणं याहून वेगळं काय होतं? आणि मीसुद्धा आजवर त्याच पंगतीत पोटभर जेवलोच की.

वकिलाला कोर्ट विचारेल त्या प्रश्नावर लढावं लागतं. बाबासाहेब तसे लढले. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेचं १७वं कलम प्रथा किती जुनी, हे विचारतच नाही. अस्पृश्यता नष्ट केली आहे, असं सरळ सांगतं.

"जुनं असंल आजी, पण बरोबर हाय का?"

ती काही बोलली नाही. पुढचा भंडारा हनुमान जयंतीला आहे. तिथे हाच प्रश्न मला सगळ्यांसमोर विचारायचा आहे, आणि खरं सांगतो, भीती वाटते.