विशाखेचे सासर



आता आपल्या घरात हिंदू घरची सून येते, आपली लेकही परधर्मीयांच्या घरी जाते. लग्न रजिस्टर होऊन जाते. तंटा पुढे लागतो: तसबिरी कोणाच्या, सत्यनारायणाला बसायचे का, बाळाचे नाव कोणत्या रीतीने ठेवायचे.

विशाखा तथागतांची उपासिका. श्रावस्तीचे तिचे सासरे मिगारश्रेष्ठी निगंठांचे अनुयायी. दारी भिक्खू उभा असता ते खाली मान घालून खीर खात राहिले. विशाखा म्हणाली, "भन्ते, पुढे जा. माझे सासरे शिळे खात आहेत." (जुन्या पुण्याईवर जगतात, हा तिचा अर्थ.) सासऱ्यांनी तिला घराबाहेर काढायचे ठरवले. पण तिच्या पित्याने लग्नातच आठ जाणती माणसे तिच्या पाठीशी दिली होती. त्यांनी चौकशी करून तिला निर्दोष ठरवले. मग राहण्यासाठी तिने एकच मागितले, भिक्खूसंघाला दान देण्याची मोकळीक. पुढे सासरेच धम्माकडे वळले आणि तिला आई मानू लागले.

लेकीसाठी ही मोकळीक मागणारे आपण सुनेची तसबीर तिला न विचारता उचलतो, हे कसे? लग्नाने दीक्षा होत नाही. बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी विवाह १५ एप्रिल १९४८ चा. दोघांची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. १९५४ चा विशेष विवाह कायदाही धर्मांतर मागत नाही.

त्या कायद्यात नोटिशीचे तीस दिवस असतात. तेवढ्यात दोन्हीकडची जाणती माणसे एकत्र बसवा. बाळाच्या नावाचेही तेव्हाच बोलून घ्या.