बिनपावतीची ठेव

पुण्य सगळ्यांनाच हवं असतं. फक्त ते दुसऱ्याच्या खर्चात मिळालं तर बरं, असंही सगळ्यांनाच वाटतं. हे माझं मत बँकेच्या खिडकीमागे बसून तयार झालं आणि त्याला पुरावा मिळाला तो थायलंडमधल्या मांजरांकडून.

थायलंडमध्ये बौद्ध विहाराला ‘वाट’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकला की आधी ‘कुणाची लागली?’ असंच विचारावंसं वाटतं. उत्तर आहे, भिक्षूंची. कारण घरात नकोसं झालेलं मांजर आणून सोडायची तिथली हक्काची जागा म्हणजे विहार. अंधारात कुणीतरी फाटकाशी एक खोकं ठेवून जातं. सकाळी भिक्षू पाहतात, तर संघात चार नवे सदस्य दाखल! तेही दीक्षा न घेतलेले, आणि दूध मागणारे.

सोडणाऱ्याचा हिशेब मात्र चोख असतो. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्या करू नये असं सांगतं. त्यानं हत्या केलेली नाही. भिक्षू सकाळी भिक्षा आणतात, दुपारनंतर जेवत नाहीत. तेव्हा उरलंसुरलं मांजराच्या पोटात जाणारच. थाई भाषेत पुण्याला ‘बुन’ म्हणतात. हा पालीतल्या ‘पुञ्ञ’चा, म्हणजे आपल्या पुण्याचाच वंशज. म्हणजे बुनही पदरात पडलं आणि सोफ्यावरचे केसही गेले.

आपण हसायचं कारण नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, अशी आपल्याकडची समजूत. सोन्याचा भाव पाहता कुणी त्या फंदात पडत नाही. पिल्लं पिशवीत घालून मंडईपलीकडे नेऊन सोडतात आणि येताना कोथिंबीर घेऊन येतात. तत्त्वज्ञान तेच, शाखा वेगळी.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. पुण्य आपल्या खात्यात जमा आणि मांजर दुसऱ्याच्या नावे, ही नोंद माझ्या पचनी पडत नाही. बँकेत असं केलं तर आरोपपत्र मिळतं. शिवाय बँकेतल्या ठेवीकडे दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. २०१४ पासून तशी सोयच आहे. मांजराच्या ठेवीला रिझर्व्ह बँक नाही. तिथं असतात स्वयंसेवक.

आमची सहल बँकॉकला गेली होती, तेव्हा एका विहाराच्या अंगणात अशा एक बाई दिसल्या. साठीच्या पुढच्या. हातात भात-मासळीचा डबा, शेजारी पिंजरा आणि काखेत एक वही. बँकेतल्या माणसाला परमुलखात वही दिसली की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. मी डोकावलो. अक्षरं कळली नाहीत, आकडे कळले. गाईड म्हणाला, कुठल्या मांजराला काय औषध दिलं आणि पदरचे किती गेले, त्याची ही नोंद.

पिंजरा कशाला? तर मांजरीला पकडून डॉक्टरकडे न्यायला. मांजरीचे दिवस भरतात दोन महिन्यांत, आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की स्वतः आई व्हायला मोकळं. याला आम्ही चक्रवाढ व्याज म्हणतो. म्हणून शस्त्रक्रिया करायची, ओळखीसाठी कानाचं टोक जरासं कापायचं आणि मांजर परत होतं तिथं सोडायचं.

मी गाईडमार्फत विचारलं, ‘‘बाई, तुम्ही इतकं नीट सांभाळता म्हणूनच लोक आणखी आणून सोडत असतील ना?’’

बाई ‘‘हो’’ म्हणाल्या आणि पुढच्या वाटीत भात घालू लागल्या.

आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा प्रश्न मी गिळला. पण तो डोक्यातून जाईना. दया केल्यानं निर्दयपणा सोकावत असेल, तर दया करावी की नाही? कर्जमाफीच्या वेळी नियमानं हप्ते भरणारे आमचे खातेदार हेच विचारतात आणि आम्ही त्यांना शेजारच्या खिडकीकडे पाठवतो.

मठातल्या मांजराचा एक जुना खटला चीनमध्ये होऊन गेला. तेराव्या शतकात संकलित झालेल्या ‘मुमोनकान’ या झेन कथासंग्रहात तो आहे. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दालनातले भिक्षू एका मांजरावरून भांडत होते. गुरू नान्सेन यांनी मांजर उचललं आणि म्हणाले, नेमका एक शब्द बोला, नाहीतर हे गेलं. कुणाला बोलता आलं नाही. मांजर गेलं. संध्याकाळी जोशू नावाचा (जोशी नव्हे) शिष्य आला. हकीकत ऐकून तो पायतलं वहाण डोक्यावर ठेवून चालता झाला. गुरू म्हणाले, तू असतास तर मांजर वाचलं असतं.

वहाणेचा अर्थ विद्वान शतकानुशतकं लावताहेत. मला मात्र एवढंच दिसतं, की वाद दोन दालनांचा होता आणि किंमत तिसऱ्यानं मोजली.

इथेही तेच आहे. उद्या बाईंनी डबा बंद केला, तर सोडणारे कदाचित शहाणे होतीलही. पण तोवर उपाशी कोण राहील? ठेवीदार नव्हे, ठेव. ठेवीदारावरचा राग ठेवीवर काढायचा नाही, हे आम्ही बँकेत पाळतो; दयेच्या धंद्यातही तोच नियम असावा. मात्र नुसतं खाऊ घातलं तर व्याज वाढत जातं आणि नुसती शस्त्रक्रिया केली तर मुद्दल उपाशी मरतं. म्हणून एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पिंजरा. दोन्ही हात गुंतले, की बोट दाखवायला तिसरा उरत नाही.

त्या वहीत खर्चाचे रकाने भरलेले होते, जमेचा कुठे दिसला नाही. आमचे ऑडिटर असती तर वही फेकून देते. बाईंच्या नावावर बुन किती जमा झालं, ते कृपा करून मला विचारू नका. ते खातं आमच्या शाखेत नाही.