किल्लेदाराची किल्ली



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा, आपल्या सगळ्यांना पाठ असलेला. एरवी आपण त्यातल्या फळाबद्दलच बोलतो. आज मी ‘अधिकार’ या शब्दापाशी अडलोय, कारण परवा रात्री माझाच अधिकार गेला.

एका क्लायंटच्या लिनक्स सर्व्हरवर मला स्वतःला डॉकरच्या ग्रुपमध्ये घालायचं होतं. ‘यूजरमॉड’ कमांड देताना एक छोटा ‘ए’ विसरलो. तो ‘ए’ असला की जुन्या ग्रुपमध्ये नव्याची भर पडते; नसला की जुने सगळे जातात, फक्त नवा उरतो. झालं! मी सुडो ग्रुपच्या बाहेर. रूटचा पासवर्ड आधीपासून बंद. म्हणजे लॉगिन होतंय, पण सुडो वापरून ॲडमिनचं एकही काम करता येत नाही.

उपाय माहीत होता. सर्व्हर थांबवायचा, त्याची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायची, ग्रुपच्या फाइलमध्ये आपलं नाव परत लिहायचं. पण क्लाउडचा कन्सोल सीनियरकडे, आणि त्यांना फोन करायला मी दोन तास लावले. खरं सांगू? काळजी सर्व्हरची नव्हती, माझ्या इज्जतीची होती.

त्या दोन तासांत देवगिरी आठवला. आपल्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. नाथमहाराज लहानपणी पैठणहून तिथे जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्लेदार होते. किल्ल्या त्यांच्या हातात, किल्ला मात्र निजामशाहीचा. नाथांकडे हिशेबाचं काम. कथा सांगतात की एकदा एका पैची चूक निघेना, म्हणून नाथ रात्रभर जागले. ती सापडली तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की स्वामींना जाग आली. स्वामींनी समजावलं, हीच एकाग्रता परमात्म्याकडे लाव.

बघा ना, ती पै नाथांची नव्हती, तरी रात्र जागून काढली. आणि चूक सापडल्याचा आनंद गुरूंपासून लपवला नाही. मीही जागाच होतो, पण चूक झाकण्यासाठी!

आपला अधिकार हा असाच, किल्लेदाराचा. काम करण्यापुरता सोपवलेला. तो ‘माझा’ वाटायला लागला की चूकसुद्धा ‘माझी अब्रू’ होऊन बसते, मग ती सांगवत नाही. फळावर हक्क नाही हे पाठ असतं, पण कौतुक हेही फळच, हे आपण विसरतो.

शेवटी फोन केला. सीनियर एवढंच म्हणाले, “अरे, आधी सांगायचंस ना!” अर्ध्या तासात सगळं जाग्यावर.

आजची साधना छोटीच. झाकून ठेवलेली एक चूक, ज्याला सांगायला हवी त्याला आज सांगून टाका.

राम कृष्ण हरी!